आधी ओळख, मग कात्री

गारखेडा परिसरात जुनं घर विकत घेणाऱ्याला घरासोबत अनेकदा एक अनोळखी झाडही मिळतं. कंपाउंडच्या भिंतीला टेकलेलं, आठ-दहा फूट उंच, वर पिवळ्या फुलांचे घोस आणि खाली वाळक्या काड्यांचं जाळं. आधीच्या मालकांनी ते कधी लावलं, कुठून आणलं, हे सांगायला कुणी नसतं. शेजारच्या काकू म्हणतात, ही पिवळी कण्हेर. दूधवाला म्हणतो, बिट्टी. नर्सरीत विचारलं तर उत्तर मिळतं, टिकोमा असेल. फांद्या विजेच्या तारेला लागायला लागल्या की एका रविवारी घरातलं कुणीतरी कात्री घेऊन उभं राहतं आणि अर्ध्या तासात गेटबाहेर फांद्यांचा ढीग पडतो. त्यावर आधी एखादी भटकी गाय तोंड घालते, मग गल्लीतली मुलं त्यातल्या काड्या तलवारी म्हणून उचलतात.

हे झाड नेमकं कोणतं, हा प्रश्न इतका वेळ कुणालाच महत्त्वाचा वाटलेला नसतो. खरं तर सगळं त्या एका प्रश्नावर अवलंबून असतं. पिवळ्या घंटेसारखी फुलं येणारी तीन झुडपं या शहराच्या अंगणांत सर्रास दिसतात. त्यांतलं एक जवळपास निरुपद्रवी आहे, दुसरं पोट बिघडवणारं आहे आणि तिसरं हृदयाची गती थांबवू शकतं.

तीन पिवळ्या घंटा

पहिली टिकोमा, काही जण तिला घंटीफूल म्हणतात. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती आता आपल्याकडे रस्त्याच्या कडेलाही उगवते. हिची ओळख पानात आहे. एका देठावर समोरासमोर पाच ते सात लहान पर्णिका असतात आणि त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात. फुलं गेल्यावर चवळीसारख्या लांब, बारीक शेंगा लोंबतात, वाळल्यावर त्या उकलतात आणि कागदासारखं पातळ बी वाऱ्यावर उडतं. फांदी तोडली तर दुधासारखा चीक येत नाही.

दुसरी अलामांडा. काही पुस्तकांत हिचं नाव जहरी सोनटक्का असं दिलेलं आहे. पानं रुंद, चकचकीत, साधी, बहुधा एका पेरावर तीन-चार एकत्र. फूल मोठं, पाच पाकळ्यांचं, पूर्ण उघडलेल्या कर्ण्यासारखं. फळ आलंच तर काटेरी. फांदी तोडली की पांढरा चीक येतो. तिच्या शास्त्रीय नावातला ‘कॅथार्टिका’ हा शब्दच सांगतो की ही वनस्पती पोटात गेली तर जुलाब होतात. चीक कातडीला लागला तर काहींना खाज सुटते, पुरळ येतं.

तिसरी बिट्टी, म्हणजेच पिवळी कण्हेर. पानं बोटभर लांब, पण अगदी अरुंद, वरून तकाकी असलेली आणि फांदीभोवती एकाआड एक दाटीनं लागलेली. पानाची कड सरळ, दाते नाहीत. फूल घंटेसारखं, पण पूर्ण न उघडणारं, पाकळ्या एकमेकींवर पीळ घातल्यासारख्या. फळ हिरवं, कडा असलेलं, पिकल्यावर काळं पडणारं, आत टणक आठोळी. मागच्या पिढीतल्या अनेकांनी लहानपणी या आठोळ्यांनी, म्हणजे बिट्ट्यांनी, खेळ मांडलेले असतात. फांदी मोडली की भरपूर पांढरा चीक येतो.

या तिघींच्या जोडीला खरी कण्हेर आहेच. गुलाबी, पांढरी, लाल. एका पेरावर तीन-तीन जाड, भाल्यासारखी पानं, हीच तिची ठसठशीत खूण. शहराबाहेर पडलं की महामार्गांच्या दुभाजकांवर मैलोनमैल हीच लावलेली दिसते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ती अंगणातही लोकप्रिय आहे, कारण ती पाणी मागत नाही आणि जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. जनावरं तोंड का लावत नाहीत, याचा विचार मात्र फारसं कुणी करत नाही.

बिट्टी, कण्हेर आणि अलामांडा एकाच कुळातल्या. मराठी विश्वकोशात या कुळाला करवीर कुल म्हटलं आहे. तगर, चाफा, सदाफुली, अडेनियम आणि रुई हीही त्याच गोतावळ्यातली मंडळी. टिकोमाचं कूळ वेगळं. फुलाचा रंग सारखा म्हणून नातं सारखं नसतं, हे वनस्पतिशास्त्राचं पहिलं पाठांतर. म्हणून झाड ओळखताना फूल शेवटी पाहावं. आधी पानं फांदीवर कशी लागली आहेत ते, मग पानाची कड, मग चीक, मग फळ आणि त्यानंतर फूल.

हृदयातला पंप

कण्हेर आणि बिट्टी यांच्या पानांत, फुलांत, सालीत, मुळात आणि बीमध्ये, म्हणजे सगळ्याच भागांत, ‘कार्डियाक ग्लायकोसाइड’ या गटातली द्रव्यं असतात. कण्हेरीत ओलिअँड्रिन, बिट्टीत थेवेटिन आणि त्याचे भाऊबंद. पान वाळलं किंवा उकळलं तरी ही द्रव्यं नाहीशी होत नाहीत.

त्यांचं काम समजायला हृदयाच्या पेशीत डोकवावं लागतं. प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो, तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये हा पंप शोधला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. कण्हेरीतली द्रव्यं नेमका हा पंप अडवतात. सोडियम आत साठतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढतं आणि हृदयाचा ठोका जोरकस होतो. मात्रा वाढली की ठोक्यांची लय बिघडते. नाडी मंदावते, वरच्या कप्प्यातला संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंदही पडू शकतं.

गंमत अशी की हाच गुण औषधही झाला. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लव्ह या झाडाच्या पानांनी अंगावरची सूज उतरते, यावर पुस्तक लिहिलं. पुढे त्याच झाडाच्या एका जातीपासून डिगॉक्सिन मिळालं आणि ते आजही हृदयरुग्णांना दिलं जातं. पण डिगॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात, नाडी आणि मूत्रपिंड तपासून देतात. अंगणातल्या कण्हेरीच्या पानावर मात्रा छापलेली नसते. शिवाय घरातले आजी-आजोबा आधीच डिगॉक्सिन घेत असतील, तर त्यांच्यासाठी थोडं विषही जास्त ठरतं. ‘कण्हेरीच्या पानांचा काढा घ्या’ असा सल्ला कुणी दिला, मग तो मूळव्याधीसाठी असो की त्वचारोगासाठी, तर तो ऐकून तिथेच सोडून द्यावा.

श्रीलंकेत १९८० नंतर पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेचे रुग्ण इतक्या मोठ्या संख्येनं यायला लागले की तिथल्या डॉक्टरांना त्यावर शास्त्रशुद्ध अभ्यास करावा लागला. डिगॉक्सिनवरचा उतारा म्हणून वापरली जाणारी, मेंढ्यांपासून तयार केलेली प्रतिपिंडं या विषावरही काम करतात, हे २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीतून दिसलं. अडचण औषधाच्या किमतीची आणि उपलब्धतेची. त्यामुळे आपल्याकडे आजही मुख्य भर असतो तो ईसीजीवर सतत लक्ष ठेवणं, ॲट्रोपिन, पोटॅशियम आटोक्यात ठेवणं आणि गरज पडली तर तात्पुरता पेसमेकर यांवर. या सगळ्याला वेळ हाताशी लागतो, म्हणून रुग्ण लवकर पोचणं महत्त्वाचं.

घाबरून उपटू नका

एवढं वाचून कुणी कुदळ घेऊन कण्हेरीकडे निघालं असेल, तर जरा थांबावं. कण्हेरीचं किंवा बिट्टीचं फूल तोडून देवाला वाहिल्यानं विषबाधा होत नाही. झाडाखाली बसल्यानं होत नाही, वास घेतल्यानंही होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ही फुलं महादेवाच्या पिंडीवर वाहिली जात आहेत. धोका आहे तो पोटात जाण्याचा आणि डोळ्यात उडण्याचा. घरात दोन-तीन वर्षांचं, हाताला लागेल ते तोंडात घालणारं मूल असेल तर बिट्टी काढून टाकणं किंवा निदान तिची फळं नियमित वेचणं शहाणपणाचं. मोठ्या माणसांच्या घरात ती खुशाल राहू दे.

याच कुळातल्या सदाफुलीनं तर वैद्यकाला व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं दिली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही वापरलं जातं. ती औषधं कारखान्यात शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात, म्हणून ती औषधं आहेत. सकाळी उठून सदाफुलीची फुलं चावणं हा वेगळा प्रकार, त्याला उपचार म्हणता येणार नाही.

कात्री चालवताना डोळे सांभाळा

छाटणीच्या दिवशी सर्वांत जास्त धोका डोळ्यांना असतो. फांदी डोक्याच्या वर असते, मान वर असते, कात्री दाबली की चिकाचा थेंब खाली येतो. शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेला तर आग आग होते आणि माणूस धावत डॉक्टरकडे जातो. रुईचा चीक अधिक फसवा. तो डोळ्यात गेल्यावर काही जणांना फारशी वेदनाच होत नाही, पण काही तासांत दिसणं धूसर होतं, कारण बुबुळाच्या आतल्या थराला इजा होऊन त्यावर सूज आलेली असते. आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची पद्धत आहे, आणि खुलताबादचा भद्रा मारुती जवळ असल्यानं या भागात ती जास्तच. पानं तोडताना हाताला लागलेला चीक नकळत डोळ्याला लागतो. ‘दुखत नाही, म्हणजे काही झालं नाही’ हा हिशेब इथे चुकतो.

धोतरा आणि त्याचा भाऊ ब्रुगमॅन्सिया, म्हणजे खाली लोंबणाऱ्या मोठ्या कर्ण्यांच्या फुलांचं झुडूप, यांची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांच्या रसात ॲट्रोपिन आणि स्कोपोलॅमिन असतं. छाटणी करून तोच हात डोळ्याला लावला की त्या एका डोळ्याची बाहुली मोठी होते, जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही. अशी एकच बाहुली मोठी झालेली पाहून डॉक्टरांच्या मनात आधी मेंदूतल्या रक्तस्रावाची शंका येते. अशा वेळी रुग्णानं ‘सकाळी बागेत काम केलं होतं’ एवढं एक वाक्य सांगितलं, तरी डॉक्टरांचा विचार योग्य दिशेला वळतो.

म्हणून साधा नियम: चष्मा किंवा गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. फांदी डोक्यावरून कापायची नाही, शिडीवर चढून ती खांद्याच्या खाली आणायची, आणि शिडी धरायला दुसरं माणूस हवंच. चीक डोळ्यात गेलाच तर नळाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि दुखत असो वा नसो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवायचं. गुलाबजल, मध, दूध, कुणाचे तरी उरलेले थेंब, यांतलं काही घालायचं नाही. काटा किंवा गंजकी कात्री लागली तर जखम साबणाने धुवून धनुर्वाताच्या लसीची चौकशी करायची.

छाटायचं कधी, किती

अनोळखी झाडाच्या बाबतीत जुन्या माळ्यांचा एक नियम सोन्यासारखा आहे: पहिलं वर्ष नुसतं पाहायचं. कधी पानं झडतात, कधी कळ्या येतात, कळ्या नव्या फुटव्यावर येतात की जुन्या फांदीच्या टोकाला. त्या वर्षात फक्त वाळलेल्या, मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या. कोणतंही झाड एवढ्या छाटणीवर रागावत नाही.

टिकोमा, कण्हेर, बिट्टी, अलामांडा, जास्वंद यांना फुलं येतात ती नव्या फुटव्यांवर. म्हणून थंडी सरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत त्यांची छाटणी केली की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भरपूर फूल मिळतं. गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. पारिजातक ऑगस्टात छाटला तर त्या वर्षीचा सडा गेलाच. चाफ्याचा घोस फांदीच्या टोकाला येतो, टोकंच उडवली तर फुलं कुठून येणार? आणि एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याच्या उन्हात कोणत्याच झाडाची मोठी छाटणी करू नये. पानांची सावली गेली की आतली कोवळी साल भाजते.

एका वेळी झाडाचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही आणि नवी फांदी आत न शिरता बाहेर जाते. सिकेटर धारदार हवं, बोथट कात्रीनं फांदी चेचली जाते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटनं पुसावं. जाड फांदीच्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. कण्हेर फारच माजली असेल, तर जुन्या खोडांपैकी दरवर्षी एक-दोन जमिनीलगत कापावीत, तिला बुडातून नवे फुटवे सहज येतात.

टिकोमाच्या शेंगा बी उडण्याआधी कापल्या तर दोन फायदे. झाड पुन्हा फुलतं आणि शेजाऱ्याच्या गटारीत रोपं उगवत नाहीत.

कापलेल्या फांद्यांचं काय?

छाटणी संपली की आपलं काम संपलं असं वाटतं. विषारी झाडाच्या बाबतीत खरं काम तिथून सुरू होतं. उभ्या कण्हेरीला जनावर सहसा तोंड लावत नाही, पण कापून सुकलेल्या पानांची कडू चव त्याला तितकी जाणवत नाही आणि विष तर तसंच असतं. मोकळ्या प्लॉटवर टाकलेल्या ढिगातून चार घास गेले तरी गाय किंवा शेळी दगावू शकते. ज्याच्या घरात एकुलती एक दुभती गाय आहे, त्याच्यासाठी हा आपल्या निष्काळजीपणाचा फार मोठा दंड ठरतो.

म्हणून कण्हेर आणि बिट्टीच्या फांद्या पोत्यात भरून, तोंड बांधून घंटागाडीच्या कर्मचाऱ्याला सांगून द्याव्यात. त्या पेटवू नयेत, धूर डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्रास देतो. चुलीत घालू नयेत, दातून म्हणून वापरू नयेत, कणीस भाजायला किंवा भाजी ढवळायला त्यांची काडी घेऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मगच चहाचा कप उचलावा.

पोटात गेलंच तर

मुलानं बिट्टीचं फळ चावलं, अशी नुसती शंका जरी असली तरी ‘बघू, त्रास झाला तर नेऊ’ म्हणून थांबू नये. सुरुवातीला फक्त उलटी, पोटदुखी, तोंडाची आग, गुंगी एवढंच दिसतं. मूल खेळतंय म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नाडीची लय काही तासांनी बिघडते. म्हणूनच अशा रुग्णाला बरं वाटत असलं तरी डॉक्टर एक दिवस तरी ईसीजीच्या देखरेखीखाली ठेवतात.

तोंडातले तुकडे बोटानं काढावेत, चूळ भरायला लावावी. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये, तूप किंवा दूध पाजत बसू नये, त्यात वेळ जातो आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनानं जवळच्या मोठ्या रुग्णालयात, जिथे ईसीजी आणि अतिदक्षता विभाग आहे तिथे, जावं. शहरात ‘घाटी’ आहेच.

आणि जाताना एक गोष्ट विसरू नये: त्या झाडाची पानं, फूल आणि फळ असलेली फांदी पिशवीत घालून सोबत न्यावी. निदान मोबाइलवर स्वच्छ फोटो तरी. ‘कसलं तरी पिवळं फूल’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं, फांदी समोर असली की पाच मिनिटांत दिशा ठरते.

नाव कुणाला विचारायचं?

मोबाइलमधलं ॲप फोटोवरून नाव सुचवतं. ते सुरुवात म्हणून ठीक, निर्णय म्हणून नाही. नुसत्या फुलाचा फोटो दिला तर पिवळ्या घंटांच्या घोळात तेही फसू शकतं. पान, फांदी, फळ यांचे वेगवेगळे फोटो दिले तर उत्तर सुधारतं. त्यापुढे माणसाकडेच जावं लागतं, आणि या बाबतीत शहर भाग्यवान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला या प्रदेशाच्या झाडाझुडपांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. तिथल्याच डॉ. व्ही. एन. नाईक यांनी ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे ताजी फांदी घेऊन गेलं, तर ते बहुधा आनंदानंच नाव सांगतात.

नाव कळलं की ते एका पाटीवर लिहून झाडाला लावावं. घर पुन्हा विकलं गेलं, भाडेकरू बदलले, सुना-नातवंडं आली, तरी पाटी बोलत राहते. बिट्टी असेल तर ‘बिट्टी, खाऊ नये’ एवढे तीन शब्द पुरेत. भिंतीपाशी उभं असलेलं ते पिवळं झाड मग अनोळखी राहत नाही, आणि पुढच्या रविवारी कात्री हातात घेणाऱ्याला आधी ती पाटी दिसते.